दारू निवडणं आपलं काम नाही, गोळी निवडणं मात्र आहे



मागच्या पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ मला चार जणांनी पाठवला. अमेरिकेतल्या टेक्सासचा एक जनावरंवाला शेतकरी घरच्या टेबलावर बसून रायफलीचं काडतूस भरतो. पितळी खोळ पुसली, खाली टोपी दाबली, तराजूवर दारू तोलली, वरून गोळी बसवली, झालं काडतूस तयार. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच काडतुसानं मारला कोण? आपला रोही! खोटं नाही. १९२०-३० च्या दशकात तिथल्या किंग रँचवाल्यांनी हौसेनं नीलगाई नेऊन सोडल्या, आता दक्षिण टेक्सासात त्यांचे कळपच्या कळप आहेत.

व्हिडिओसोबत प्रश्न ठरलेला. "दादा, अशी मशीन आपल्याले भेटन काय? काडतूस दुकानात मिळत नाही, मिळालं तं परवडत नाही. घरीच भरलं तं?"

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्याला पुढं वाचायची गरज नाही. नको. दारू (बंदुकीची म्हणतो, दुसरी नाही) कोणती अन् किती, हे ठरवणं आपल्या वावरातलं काम नाही. पण गोळी कोणती, जनावर कोणतं, अंतर किती अन् जनावराच्या मागं काय आहे, हे ठरवणं शंभर टक्के आपलं काम आहे. नेमकं तेच आपण करत नाही. परवानाधारक माणूस दुकानात जातो अन् म्हणतो, "बाराचे दहा द्या." कोणते दहा, ते दुकानदार ठरवतो.

आधी तो टेक्सासवाला काय करतो ते समजून घेऊ. नको म्हणायचं तरी कशाला नको म्हणतो ते माहीत पाहिजे.

त्याच्या हातातलं काडतूस थर्टी-ओ-सिक्स. म्हणजे .३० इंचाची गोळी, अन् अमेरिकन फौजेनं ते १९०६ मध्ये घेतलं म्हणून ०६. सव्वाशे वर्षांच्या जवळ आलं तरी शिकारी लोक त्याला सोडत नाहीत, कारण एकाच रायफलीतून ११० ग्रेनपासून २२० ग्रेनपर्यंतची गोळी चालते. ग्रेन हे वजनाचं माप. साडेपंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम. म्हणजे ७ ग्रॅमच्या हलक्या गोळीपासून १४ ग्रॅमच्या जड गोळीपर्यंत. हलकी गोळी कोल्ह्याएवढ्या जनावराला, मधली हरणाला, जड गोळी मोठ्या जनावराला. एकाच ट्रॅक्टरला वखर, पेरणी यंत्र अन् ट्रॉली लावावी तसं.

पण गोळी बदलली की दारू बदलावी लागते, अन् खरी गोम इथंच आहे.

बिनधुराची दारू ही स्फोट होणारी वस्तू नाही, ती जळणारी वस्तू आहे. ती किती वेगानं जळते, यावर सगळं. १२ बोअरच्या अन् पिस्तुलाच्या काडतुसातली दारू झटकन जळते. रायफलीची दारू सावकाश जळते, कारण लांब नळीत जड गोळीला शेवटपर्यंत ढकलत न्यायचं असतं. रायफलीतही पुन्हा वर्ग आहेत. थर्टी-ओ-सिक्समध्ये १५० ग्रेनच्या गोळीमागं लोक ४८९५ सारखी मध्यम वेगाची दारू घालतात, १८० ग्रेनमागं ४३५० च्या वर्गातली सावकाश, त्याहून जड गोळीमागं आणखी सावकाश. कारण साधं आहे. जड गोळी जागची लवकर हलत नाही. तिच्यामागं घाईनं जळणारी दारू असली तर गोळी सरकायच्या आधीच दाब चढून बसतो.

तो दाब किती? या काडतुसाची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय आहे. आपला फवारणीचा एचटीपी पंप काहीशे पीएसआयवर चालतो, अन् त्याचा पाइप फुटला तरी माणूस दहा हात मागं सरतो. इथं साठ हजार, अन् बंदूक गालाला लावलेली.

आता प्रमाण पाहा. या काडतुसात दारू जाते साधारण साडेतीन ग्रॅम. चहाचा एक लहान चमचाही नाही. तोलणारे ती ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. किराणा दुकानाचा काटा सोडा, सोनाराचा साधा काटाही तिथं कमी पडावा. तेही आकडे मनचे नाही. दारू बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून पुस्तकं छापतात. कोणत्या खोळीत, कोणत्या टोपीवर, कोणत्या वजनाच्या गोळीमागं, कमीत कमी किती अन् जास्तीत जास्त किती. शहाणा माणूस खालच्या आकड्यापासून सुरुवात करतो अन् थोडं थोडं चढतो. जास्त झालं तर बोल्ट फाटतो. अन् "कमी घातलं म्हणजे सेफ" हेही खरं नाही. फार कमी झालं तर गोळी नळीतच अडकते, आवाज फुसका येतो, माणूस म्हणतो काडतूस फुसकं निघालं अन् दुसरं मारतो. मग नळी फुटते.

यात नवं काही नाही, कृषीवाल्या मित्रांना हे लगेच ओळखीचं वाटंल. दारू म्हणजे मात्रा, गोळी म्हणजे औषध, नळी म्हणजे नोझल. तिघांचा मेळ बसला तर काम, नाहीतर अपघात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी-शेतमजूर गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यात अंदाजानं दोन-तीन औषधं एकत्र कालवणं हेही एक कारण होतं. डब्यावर लेबल होतं, मात्रा छापलेली होती, दुकानात सल्ला देणारा होता, तरी झालं. दारूच्या डब्याला तर आपल्याकडं लेबल वाचून सांगणाराही कोणी नाही.

आता आपल्याला का नको, ते एकेक सांगतो.

पहिलं कारण कायदा. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली गुन्हा आहे, अन् २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, पुढं जन्मठेपेपर्यंत. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नाही. "मी तं माह्याच वावरासाठी भरलं" हे कोर्टात चालत नाही. एक डुक्कर मारायच्या नादात बापाच्या काळापासूनचा परवाना जाईल, बंदूक जप्त होईल, अन् पोरगा नोकरीच्या अर्जात चारित्र्य पडताळणीला अडकंल ते वेगळंच.

दुसरं कारण सामान. टेक्सासवाल्याला दारूचे वीस प्रकार दुकानात डब्यावर नाव-नंबरासकट मिळतात. आपल्याकडं जे चोरून मिळतं त्याला ना नाव ना नंबर. कोणी फटाक्याची देतो, कोणी विहिरीच्या सुरुंगाची, कोणी फुटलेल्या काडतुसातली. फटाक्याची अन् सुरुंगाची दारू रायफलीत घालणं म्हणजे आपल्याच तोंडासमोर सुरुंग लावणं.

तिसरं कारण ऊन. बिनधुराची दारू गरम झाली की जास्त वेगानं जळते अन् दाब वाढतो. अमेरिकेत काही कंपन्या मुद्दाम उष्णतेचा परिणाम कमी होईल अशी दारू बनवतात, इतका हा विषय गंभीर आहे. अन् आपण कुठं राहतो? अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या कोठ्यात त्याहून जास्त. दिवाळीच्या थंडीत बरोबर वाटलेली मात्रा मे महिन्यात बरोबर राहीलच असं नाही.

चौथं कारण सगळ्यात जड आहे. ज्यांचं हे रोजचं काम आहे, शिकलेले, कवायतीतले लोक, त्यांच्यावरही काळ येतो. विदर्भातच भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला बंदुकीपासून तोफेपर्यंतची दारू बनवणारा सरकारी कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथं स्फोट झाला अन् आठ कामगार गेले. नियम, भिंती, अंतर, तपासणी सगळं असताना. आपण कोठ्यात, बाजूला कडब्याची गंजी अन् लेकरं खेळतात, तिथं हे करायचं म्हणता?

आता एक गोष्ट जास्त जोर देऊन सांगतो, कारण मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत अन् इकडं सपाटीतही जुन्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. भरमार म्हणा. भरमारीत काळी दारू जाते. ती मापानं, हातानं भरायची सवय असते, कारण ती तितकी नाजूक नाही अन् नळीही त्याच हिशेबानं बनवलेली असते. काही जण काय करतात, काळी दारू संपली की १२ बोअरचं काडतूस उघडून त्यातली दारू त्याच मापानं भरमारीत ओततात. हे मरणाला बोलावणं आहे. ती बिनधुराची दारू आहे, तितक्याच मापात तिची ताकद किती तरी जास्त. भरमारीची नळी तो दाब पेलूच शकत नाही. फुटली की डावा हात जातो, कधी डोळा. मापाचं भांडं तेच असलं म्हणून आतली वस्तू तीच होत नाही. युरिया अन् मीठ दोन्ही पांढरंच दिसते.

तसंच दुसरं. काही जण कारखान्याच्या गोळीचं टोक कानशीनं घासतात, "जास्त फाकते" म्हणून. गोळीचं तांब्याचं कवच असं उघडं केलं की कधी आतलं शिसं पुढं निघून जाते अन् कवच नळीतच राहते. पुढच्या गोळीला नळी मोकळी भेटत नाही. छर्ऱ्याची काडतुसं उघडून आत काही ओतणं, मेण घालणं, छर्रे बदलणं, हेही त्याच माळेतलं.

इतकं सगळं नको-नको झालं. आता "हो" काय आहे ते पाहू.

गोळी निवडणं. आपल्याकडं शेतकऱ्याच्या हाती मुख्यतः दोन बंदुका. एक १२ बोअर, दुसरी ३१५ ची रायफल. क्वचित कोणाकडं थर्टी-ओ-सिक्स.

१२ बोअरमध्ये नंबराचे बारीक छर्रे पाखरांसाठी असतात. ४ नंबर, ६ नंबर डुकरावर मारणं म्हणजे नुसतं त्याला जखमी करून शेजाऱ्याच्या वावरात धाडणं. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते, बारीक छर्रा तिथंच अडकतो. जनावर आठ दिवस सडत मरते, नाहीतर चवताळून सकाळी निंदणाऱ्या बाईवर जाते. डुकराला एलजी किंवा एसजी, म्हणजे मोजके मोठे छर्रे, अन् तेही वीस-पंचवीस पावलांच्या आत. त्यापुढं छर्रे फाकतात, एखादाच लागतो. एकच जाड गोळी असलेलं काडतूस असलं तर थोडं पुढं जमतं, पण ती बंदूक कुठं मारते हे आधी तपासलेलं पाहिजे, अन् नळी पुढून आवळलेली असली तर ते काडतूस तिच्यात चालतं का हे जाणकाराला विचारलेलं पाहिजे. रोह्यासाठी १२ बोअर मला पटत नाही. पुरा वाढलेला नर दोनशे किलोच्या वर जातो.

३१५ ही आपल्या देशाची खास रायफल. इंग्रजांनी फौजेच्या ३०३ चं काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून नागरी रायफलींना वेगळं काडतूस लावलं. ते मुळात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेसाठी निघालेलं ८ मिलिमीटरचं. तीच चाल आजही आहे, ३०३ अन् ७.६२ सामान्य माणसाला बंद, ३१५ चालू. सरकारी कारखान्याची ३१५ ची गोळी जड असते, २४४ ग्रेन, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम, अन् टोक मऊ. दाब थर्टी-ओ-सिक्सपेक्षा कमी, वेगही कमी. लोक तिला जुनाट म्हणून नाकं मुरडतात. माझं मत उलटं आहे. शंभर मीटरच्या आत डुकराला अन् रोह्याला जड, मऊ टोकाची, मध्यम वेगाची गोळी, याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे? टेक्सासवाला थर्टी-ओ-सिक्समध्ये इतकी खटपट करून जे साधतो, ते आपल्या अंतरावर आपल्याला दुकानात तयार मिळते.

थर्टी-ओ-सिक्स ज्याच्याकडं आहे त्यानं रोह्यासाठी १८० ग्रेनची मऊ टोकाची घ्यावी, हलकी नाही. हलकी वेगवान गोळी हाडावर फुटून वरच्यावर राहते.

अन् कोणतीही रायफल असो, पूर्ण कडक कवचाची गोळी वावरात नको. ती फौजेसाठी आहे. फाकत नाही, आरपार जाते. जनावर पळून जाते अन् गोळी त्याच्या मागं जे असंल त्यात जाते. मऊ टोकाची गोळी अंगात फाकते, जोर तिथंच खर्च करते. जनावर लवकर पडते अन् मागचा धोका कमी होतो. कमी म्हटलं, संपतो नाही म्हटलं.

त्या मागच्या धोक्याबद्दल. डोंगराळ भागात गोळी मागं टेकडीत जाते. आपलं वऱ्हाड सपाट. नजर जाते तिथवर तूर, हरभरा अन् पऱ्हाटी. रायफलीची चुकलेली गोळी तीन किलोमीटरच्याही पुढं जाऊ शकते. तीन किलोमीटरात आपल्याकडं काय काय येतं मोजा. दोन जागल्या, एक पांदण, एखादा मेंढपाळाचा वाडा, अन् गावाचा अर्धा भाग. म्हणून उभ्या जमिनीवरून आडवी गोळी मारायचीच नाही. मचाणावरून खाली मारा, म्हणजे चुकली तरी गोळी जमिनीत जाईल. तिथंही गोटे असलेली बरडी जमीन असंल तर गोळी उसळते, काळ्या मातीत जिरते. मागं धुरा, नाल्याची उंच दरड, शेततळ्याचा भराव असंल तर उत्तम. यातलं काही नसंल तर बोट बाहेर ठेवा, जनावर जाऊ द्या. डुक्कर उद्या पुन्हा येतं. माणूस येत नाही.

जानेवारी २०२५ मध्येच पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली गेली अन् माणूस मेला. तुरीत काय हललं ते दिसत नाही, नुसतं हललेलं दिसते. रात्री शेजारचा सालदार मोटर पाहायला वाकून चालला तर तोही तसाच दिसतो. म्हणून जागलीवर बसायच्या आधी चहूबाजूच्या वावरवाल्यांना फोन, अन् पूर्ण जनावर ओळखल्याशिवाय गोळी नाही.

काडतुसं ठेवायचं पण सांगतो. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, गाडीच्या काचेखाली, टिनाखाली ठेवू नका. घरात थंड कोरड्या जागी, कुलपात, बंदुकीपासून वेगळी. पावसाळ्यात पितळावर हिरवी पुटी चढली, टोपी ओली झाली, खोळीला चीर दिसली, तर ते काडतूस वापरायचं नाही, उघडायचं तर नाहीच. परवानाधारक दुकानदाराला किंवा ठाण्यात विचारून जमा करा. चाप ओढला अन् काडतूस फुटलं नाही, तर नळी जमिनीकडं सुरक्षित बाजूला धरून निदान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज फुसका आला तर थांबाच, नळी मोकळी आहे का पाहिल्याशिवाय दुसरं काडतूस भरू नका. अन् नवा डबा आणला की बंदूक कुठं मारते ते मान्यताप्राप्त रेंजवर तपासा. एकाच वजनाची गोळी असली तरी डबा बदलला की निशाण सरकू शकतं.

हे पण विसरू नका की बंदुकीचा परवाना वेगळा अन् जनावर मारायची परवानगी वेगळी. रोही अन् डुक्कर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली वन खात्याची लेखी परवानगी लागते. मारलेलं जनावर सरकारचं, आपलं नाही. तुकडा घरी आणला तर केस.

आता दुसरी बाजू. काही जण म्हणतील, दादा तुम्ही सल्ला बरा देता, पण काडतूस महाग, परवान्यावर वर्षाचा आकडा ठरलेला, सराव कशावर करायचा? सराव नाही म्हणून निशाण चुकते, निशाण चुकते म्हणून जनावर जखमी होते. टेक्सासवाला स्वस्तात घरी भरतो म्हणून तो महिन्याला पन्नास गोळ्यांचा सराव करू शकतो. मुद्दा खरा आहे. मी नाकारत नाही. घरी भरण्याचा खरा फायदा गोळीच्या ताकदीत नाही, सरावात आहे. पण त्याचं उत्तर प्रत्येक कोठ्यात दारूचा डबा हे होऊ शकत नाही. रोही सगळ्या गावाचा आहे, तर बंदोबस्तही गावानं अन् सरकारनं मिळून केला पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं दोन हिश्शांत.

वन खात्याकडं मागणी अशी की तालुक्याला प्रशिक्षित नेमबाजांची यादी असावी. चांगली रायफल, योग्य गोळी, सरावाला वेगळी काडतुसं, अन् विमा. शेतकऱ्यानं अर्ज करावा, माणूस यावा, परवानगीनं काम करावं, पंचनामा व्हावा. केरळात २०२२ मध्ये रानडुकरासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना अधिकार देऊन परवानाधारक नेमबाजांची नावं नोंदवली. ती पद्धत जशीच्या तशी घ्या असं नाही, पण दिशा ती आहे. बिहारात २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याला बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर नीलगाई मारल्या. देशभर गदारोळ झाला. तसं एकदाच मोठं मारणं नको, गावागावात हिशेबानं, मोजून काम पाहिजे.

दुसरं म्हणणं कृषी विद्यापीठ अन् कृषी विज्ञान केंद्रातल्या मित्रांना. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्याला सोयाबीनचं एकरी बियाणं किलोमध्ये सांगते. नोझलचा कोन सांगते. पण परवानगीनं जेव्हा जनावर मारलं जाते तेव्हा अंतर किती होतं, काडतूस कोणतं होतं, किती गोळ्या लागल्या, जनावर जागेवर पडलं की पळालं, नंतर त्या वावरातलं नुकसान किती कमी झालं, याची नोंद कोण ठेवते? साधा एक पानाचा तक्ता ठेवा. पाच वर्षांत आपल्या मातीचे, आपल्या जनावरांचे, आपल्या अंतराचे आकडे तयार होतील. मग कोणाला टेक्सासचा व्हिडिओ पाहायची गरज पडणार नाही.

त्याच तक्त्यात शिशाचाही रकाना पाहिजे. मऊ टोकाच्या गोळीचं शिसं अंगात बारीक बारीक तुकडे होऊन पसरते. उघड्यावर टाकलेलं मढं गिधाडानं, कुत्र्यानं खाल्लं की ते त्याच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियानं याच कारणानं १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, तांब्याच्या चालू. जनावरांच्या डायक्लोफेनॅकनं आपली गिधाडं गेली अन् २००६ मध्ये ते औषध बंद करावं लागलं, हे आपण विसरलो नाही. तांब्याची गोळी आपल्याला दुकानात मिळत नाही, ती मागायला काय हरकत आहे? तोवर मेलेलं जनावर खोल पुरलं जाईल याच्यासाठी वनरक्षकाच्या मागं लागा.

अन् बंदूक हा शेवटचा उपाय. आधी झटका मशीन, सौर कुंपण, गावानं मिळून केलेली जागल. तारेत थेट मेनलाइनचा करंट सोडणं अन् गावठी बॉम्ब ठेवणं हे तर उपायात मोजूच नका. त्यानं डुक्कर कमी, आपलीच गुरं अन् माणसं जास्त गेली.

टेक्सासवाल्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याच्याकडं पुस्तक आहे, नाव-नंबराचा डबा आहे, काटा आहे, कायदा त्याच्या बाजूनं आहे, अन् मागं मैलभर मोकळं रान आहे. आपल्याकडं यातलं एकही नाही. आपल्याकडं कारखान्यानं तोलून भरलेलं काडतूस आहे. त्याच्या डब्यावर काय लिहिलं ते वाचा, दुकानदाराला नाव घेऊन मागा, अन् मचाणावर चढायच्या आधी दिवसा उजेडी एकदा वावराच्या चारही कडा फिरून या. कोणत्या बाजूला मारायचं नाही, हे आधी ठरवा.

तुमच्या भागात परवानगीनं काम झालं असंल तर अंतर, काडतूस अन् निकाल एवढं कळवा. नावं-गावं नको, आकडे पाहिजे.

राजापेठ, अमरावती